पिकअप घाटात तापते, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

प्रश्न : माझी डिझेल पिकअप सहा वर्षांची आहे. देवगडहून आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढताना काटा लाल पट्टीला टेकतो, सपाटीला लागलं की खाली येतो. कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी झालं की विहिरीचं पाणी टाकत आलो. आता ते विटकरी दिसतं. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू. काढू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : अजिबात काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. तो नसला की इंजिन तापायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जातं. शिवाय बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहते. मग काही पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसंच इंजिनात परततं आणि भर चढावर गाडी उलट जास्त तापू शकते. शंका असेल तर तो काढून पाण्याच्या पातेल्यात तापवा. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागला पाहिजे. उकळी फुटली तरी मिटलेलाच असेल तर नवा बसवा.

खरं दुखणं त्या विटकरी पाण्यात आहे. तो ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याचा, गंज आहे. कुलंटमधली गंजरोधक द्रव्यं पाणी टाकून टाकून पातळ झाली. त्यात समुद्राजवळच्या विहिरीत मिठाचा अंश असला तर ते ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं.

इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरची कॅप उघडा. खालचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) सोडून कुलंट टबात काढा आणि मोजून ठेवा. ते विषारी आणि चवीला गोड असतं. कुत्री-गुरं चाटतात, म्हणून गटारात किंवा बागेत ओतू नका. मग साधं स्वच्छ पाणी भरा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गरम होईपर्यंत इंजिन चालवा. होज तापला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, पाणी ब्लॉकमधूनही फिरलं. गार झाल्यावर ते पाणी काढा. पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहा. शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची. गंज फारच असेल तर कूलिंग सिस्टिमसाठीचा फ्लश डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा. संडास धुवायचं ॲसिड मात्र कधीच नको, ते ॲल्युमिनियम खातं.

भरताना बहुतेकांची गफलत होते. कॉक उघडला तरी ब्लॉकमध्ये लिटर-दोन लिटर पाणी उरतंच. त्यावर तयार मिसळलेलं कुलंट ओतलं की ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कुलंट, घ्या. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता ८ लिटर दिली असेल तर आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. सावकाश ओता, वरचा होज दाबत राहा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. दुसऱ्या दिवशी, गार इंजिनवर, पातळी पुन्हा बघा.

त्याच वेळी कॅपचं रबर तपासा. दाब धरणारी कॅप उकळबिंदू वाढवते; रबर कडक झालं असेल तर कॅप बदला. एसी असेल तर कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये चिखल-पाचोळा साचतो. इंजिनच्या बाजूने कमी दाबाचं पाणी मारा, जोराच्या फवाऱ्याने फिन (पातळ पत्र्या) वाकतात. घाटात गाडी हळू असते, वारा पंख्याचाच. पंखा व्हिस्कस (घट्ट द्रवाच्या क्लचवर फिरणारा) असेल तर तापलेलं इंजिन बंद करून हाताने फिरवून बघा. भिंगरीसारखा मोकळा फिरला तर तो गेला.

एवढं करूनही तापली आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या पॅकिंगची) तपासणी करून घ्या. तोवर लोड नेऊ नका.

प्रश्न : हिरव्या कुलंटमध्ये लाल टाकलं तर चालेल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, त्यावरून जात कळत नाही. वेगवेगळ्या रसायनांची कुलंट एकत्र आली की कधी कधी जेलीसारखा गाळ होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन डब्यावर छापलेलं असेल तेच घ्या. वाटेत कमी पडलं तर डिस्टिल्ड वॉटर टाका आणि परतल्यावर गळती शोधा.