कर्सरची मर्यादा वाढवू नका, आधी स्टेटमेंट बंद होतंय का बघा

तुम्ही विचारलंय: जावातून ओरॅकल डेटाबेसवर एकच प्रिपेअर्ड क्वेरी (एकदा तयार करून व्हॅल्यू बदलत चालवायची) लूपमध्ये चालवतो, तीनशेच्या आसपास फेऱ्या झाल्या की ‘ओआरए-०१०००, मॅक्झिमम ओपन कर्सर्स एक्सीडेड’ येतं. रिझल्टसेट (क्वेरीचं आलेलं उत्तर) तर बंद करतोय, मग ओपन_कर्सर्स ही मर्यादा वाढवू का?

आत्ता तरी नका वाढवू. रिझल्टसेट मिटला तरी स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी चालवणारं जावातलं ऑब्जेक्ट, उघडंच राहतं आणि कर्सर, म्हणजे त्या क्वेरीसाठी डेटाबेसने राखलेली जागा, त्याच्याकडे असतो. लूपच्या आत प्रिपेअर केलंत की दर फेरीला नवा कर्सर. जुना कर्सर जावाचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा) उचलेल या भरवशावर राहू नका, ओरॅकलच्या ड्रायव्हरमध्ये ती सोय नाही. मर्यादा दर सेशनला, म्हणजे डेटाबेसच्या प्रत्येक लॉगिनला, असते. डिफॉल्ट ५०, पण बऱ्याच ठिकाणी ३०० ठेवलेली सापडते. तुमचा आकडा तिथूनच आलाय.

मी स्वतः यात पोळलोय. इथे इंदूरला, सियागंजातल्या एका घाऊक किराणावाल्यांचा उधारीचा प्रोग्राम मी लिहिला होता. वर्षभर सुरळीत. दिवाळी झाली आणि महिनाअखेरची बिलं मध्येच अडायला लागली. शेठ म्हणाले, ‘भिया, सर्व्हर बदलून टाकू.’ मी दोन रात्री नेटवर्क तपासण्यात घालवल्या! सापडलं ते असं: स्टेटमेंट मी लूपच्या तळाशी बंद करत होतो, पण बाकी शून्य असेल तर त्याच्या आधीच ‘कंटिन्यू’, म्हणजे बंद न करताच थेट पुढची फेरी. एरवी शून्य बाकीवाले थोडेच असायचे, दिवाळीला मात्र झाडून सगळे खातं चुकतं करतात. तीनशेच्या वर गेले आणि प्रोग्राम आडवा.

तर प्रिपेअर लूपच्या बाहेर, एकदाच. आत फक्त व्हॅल्यू बदलून एक्झिक्यूट करा. पुन्हा चालवलं की मागचा रिझल्टसेट आपोआप मिटतो. आणि ते ट्राय-विथ-रिसोर्सेस या आपोआप बंद करणाऱ्या ब्लॉकमध्ये ठेवा, जावा ७ पासून आहे. मग मध्येच एक्सेप्शन येवो की रिटर्न, स्टेटमेंट बंद होणारच.

खात्री करायची तर प्रोग्राम चालू असताना व्ही$ओपन_कर्सर या ओरॅकलच्या व्ह्यूमध्ये (आतली स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यात) आपल्या सेशनच्या ओळी एसक्यूएल आयडीनुसार, म्हणजे क्वेरीच्या ओळखक्रमांकानुसार, मोजा. एकाच आयडीच्या शेकडो ओळी दिसल्या तर गळती तिथेच. एकूण आकडा मात्र या व्ह्यूवरून धरू नका, त्यात कॅश केलेले कर्सरही येतात. त्यासाठी व्ही$सेसस्टॅटमधला ‘ओपन्ड कर्सर्स करंट’ बघा. दुरुस्तीनंतरही तो फेरीगणिक चढत असेल, तर लूपमधून बोलावलेल्या एखाद्या दुसऱ्या मेथडमध्ये स्टेटमेंट उघडं राहिलंय.