टाइम झोन बदलून दाखवणाऱ्या ॲपचं डिझाइन कसं करावं?

दोन ड्रॉपडाउन आणि मध्ये एक बटण एवढं पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पण ते ॲप कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

मी ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करतो. आमच्याकडे निम्म्या लोकांचा दिवस संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो. 'आत्ता फोन लावला तर समोरचा झोपलेला असेल का?' एवढंच त्यांना हवं असतं, बेरीज-वजाबाकी नको. म्हणून प्रत्येक शहराची चोवीस तासांची आडवी पट्टी काढा, रात्रीचा भाग गडद ठेवा आणि बोटाने सरकणारी एकच उभी रेघ सगळ्या पट्ट्यांवरून जाऊ द्या. प्रत्येक पट्टीवर वार आणि तारीख ठळक हवी. घोळ तासांपेक्षा तारखेचाच जास्त होतो.

रेघ पंधरा मिनिटांच्या टप्प्याने सरकवा. पूर्ण तासांचे चौकोन पाडले तर यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) आपला साडेपाच तासांचा फरक दोन चौकोनांच्या मध्ये लटकतो. नेपाळचा तर पावणेसहा.

आता खरी मेख. फरकाचा आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नका. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिका उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो आणि तिघांच्या मीटिंगचा हमखास बोजवारा उडतो. शिवाय सरकारं नियम बदलतात: मेक्सिकोने बहुतेक भागांत ही पद्धत २०२२मध्ये बंद केली. त्यामुळे आयएएनए या इंटरनेटचे नाव-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेचा टाइम झोन डेटाबेस वापरा, तो अपडेट होत राहतो. पुढच्या मीटिंगसाठी नुसती यूटीसी वेळ साठवू नका. ज्या शहराच्या घड्याळाने ती ठरली तिथली वेळ आणि झोनचं नाव साठवा. मधेच नियम बदलला तरी नऊची मीटिंग नऊलाच राहील.

त्या डेटाबेसात भारतासाठी 'एशिया/कोलकाता' आहे, मुंबईसुद्धा नाही. शोधात कुणी 'ठाणे' किंवा 'पनवेल' टाइप केलं तरी भारत सापडायला हवा, तेही देवनागरीत. आयएसटी (आपली भारतीय प्रमाणवेळ) असली आद्याक्षरं टाळाच, इस्रायल आणि आयर्लंडही तीच वापरतात.

रंग, आयकॉन वगैरे शेवटी बघा. त्याआधी व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण करा, ज्यातून साधा मजकूर जाईल: 'न्यूयॉर्क शुक्रवार रात्री ९, ठाणे शनिवार सकाळी ६:३०'. आमच्याकडे तरी सगळे शेवटी तेच करतात.