वाचक विचारतात: कर्नलमध्ये माउंट कॉल कसा बसवायचा?

एमआयटीने शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये माउंट (दुसरी फाइलसिस्टीम एखाद्या डिरेक्टरीवर जोडणं) हा सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला करायची विनंती, नाही, त्यामुळे अनेक जण तो स्वतः घालून बघतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत. उत्तरं रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीच्या आवृत्तीला धरून दिली आहेत.

प्रश्न: कॉलला क्रमांक दिला, सिस_माउंट फंक्शन लिहिलं, कर्नल बिनतक्रार कंपाइल झाला. तरी चालवल्यावर 'अननोन सिस कॉल २२' असा संदेश का येतो?

संदेशच जागा सांगतोय. क्लोजचा क्रमांक २१, म्हणून तुमचा २२, हे बरोबर. सिस्कॉल.सी मध्ये दोन ठिकाणी हात लावावा लागतो: वर एक्सटर्न घोषणा आणि खाली फंक्शन पॉइंटर्सच्या तक्त्यात एक ओळ. तक्त्यातली ओळ राहिली की २२व्या घरात शून्य सापडतं, कर्नल हा संदेश छापतो आणि ए० या रजिस्टरमध्ये −१ (म्हणजे चूक) ठेवून परत जातो. यूजर.एच मधली घोषणा किंवा यूसिस.पीएल मधली एन्ट्री राहिली असती, तर यूजर प्रोग्राम बांधतानाच तक्रार आली असती. इथवर पोचलाच नसता.

आर्ग्युमेंट दोनच ठेवा: डिस्कचा क्रमांक आणि पाथ. पाथ आर्गस्ट्र या फंक्शननेच कर्नलच्या बफरमध्ये घ्या, कमाल लांबी १२८. यूजरचा पॉइंटर थेट वापरलात तर कर्नलच्या पेज टेबलात तो पत्ता नसल्याने पॅनिक (संदेश छापून कर्नल थांबणं) ठरलेलं.

प्रश्न: माउंट शून्य परत करतो, म्हणजे यशस्वी. पण माउंट केलेल्या डिरेक्टरीत रूटमधल्याच फाइली दिसतात. क्यूएमू या एम्युलेटरला दुसरी इमेज जोडलेली आहे.

तुमचा माउंट ठीक असावा. डिस्कचा ड्रायव्हर तुम्हाला फसवतोय. व्हर्टआयओ_डिस्क_आरडब्ल्यू हे फंक्शन बफरमधला ब्लॉक क्रमांक तेवढा बघतं, डिव्हाइस क्रमांक बघतच नाही. डिव्हाइस २ चा ब्लॉक मागा नाहीतर ९ चा, उत्तर पहिल्याच डिस्कवरून येतं. फाइलसिस्टीमची खूण असलेला मॅजिक क्रमांकही अर्थातच जुळतो, म्हणून माउंट खुशाल पुढे जातो.

ड्रायव्हरमधल्या एकुलत्या 'डिस्क' स्ट्रक्चरचा अ‍ॅरे करा आणि प्रत्येक फंक्शनला कोणती डिस्क ते कळू द्या. क्यूएमूच्या व्हर्ट मशीनवर पहिल्या डिस्कचे रजिस्टर्स हेक्स १०००१००० या पत्त्यावर असतात आणि तिचा इंटरप्ट १. पुढची जागा हेक्स १०००२०००, इंटरप्ट २. हे नवं पान कर्नलच्या पेज टेबलात मॅप करा. दुसरी इमेज जोडताना बस क्रमांक ० ऐवजी १ द्यायचा.

राहते ती गोष्ट बहुधा पीएलआयसी या इंटरप्ट वाटणाऱ्या कंट्रोलरची. तिथे इंटरप्ट २ ला प्राधान्य आणि एनेबल बिट दोन्ही द्यावे लागतात. ते विसरलात तर पॅनिक नाही, संदेश नाही: पहिलंच वाचन मागणारी प्रोसेस झोपते आणि कधीच उठत नाही. ते दिलं पण इंटरप्ट हाताळणाऱ्या डेव्हइंटरमध्ये २ ची शाखा घातली नाही, तर निदान 'अनएक्स्पेक्टेड इंटरप्ट' असं छापलं तरी जातं.

प्रश्न: पाथ शोधताना एका फाइलसिस्टीममधून दुसरीत उडी नेमकी कुठे मारायची? शिवाय सीडी .. केल्यावर आम्ही जागचे हलत नाही.

एक्सव्ही६ मध्ये इनोडची (फाइल किंवा डिरेक्टरीच्या नोंदीची) ओळख म्हणजे डिव्हाइस आणि इनोड क्रमांक ही जोडी, त्यामुळे पाया तयारच आहे. माउंट टेबलच्या प्रत्येक नोंदीत चार गोष्टी ठेवा: झाकलेल्या डिरेक्टरीचा इनोड, डिव्हाइस क्रमांक, नव्या फाइलसिस्टीमचा रूट इनोड आणि तिचा सुपरब्लॉक (तिच्या रचनेची माहिती असलेला ब्लॉक). उडी पाथ शोधणाऱ्या नेमएक्समध्ये मारा. डिरेक्टरीत नाव शोधणाऱ्या डिरलुकअपने पुढचा इनोड दिला की टेबल बघायचं. तो झाकलेला असेल तर त्याला आयपुट करून (रेफरन्स सोडून) त्याच्या जागी नवा रूट आयडुप करून (रेफरन्स वाढवून) घ्यायचा. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत हेच काम इनोड मिळवणाऱ्या आयगेटमध्ये, इनोडवरच्या एका फ्लॅगच्या आधारे होत असे. तेही चालतं, पण डिरलुकअपने आपल्या डिस्कपुरतंच बोलावं हे आम्हाला जास्त स्वच्छ वाटतं.

'..' अडकतो कारण इमेज बनवणारा एमकेएफएस प्रोग्राम प्रत्येक इमेजच्या रूटमध्ये '..' ची नोंद त्याच रूटकडे, म्हणजे इनोड १ कडे करतो. तेव्हा शोधण्याआधीच तपासा: नाव '..' आहे, इनोड क्रमांक १ आहे आणि डिव्हाइस मूळ डिस्क नाही? मग हातातल्या इनोडचं लॉक सोडा, झाकलेला इनोड घ्या, तो लॉक करा आणि '..' त्याच्यात शोधा. क्रम हाच हवा. एक लॉक धरून दुसरं मागितलंत, तर खाली उतरणारी आणि वर चढणारी प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतील.

झाकलेल्या इनोडचा रेफरन्स टेबलने धरून ठेवलाच पाहिजे. पाथवरून इनोड शोधणाऱ्या नेमआयने दिलेला इनोड सवयीने आययूनलॉकपुट करून (लॉक आणि रेफरन्स दोन्ही सोडून) टाकला तर पॉइंटर टेबलात राहतो, पण ५० घरांच्या इनोड टेबलातलं ते घर मोकळं होतं. थोड्या वेळाने तिथे भलतीच फाइल येऊन बसते आणि तीच माउंट पॉइंट होऊन जाते. सुरुवातीच्या चाचण्यांत हे दिसत नाही, कारण तोवर ते घर दुसऱ्या कुणाला लागलेलं नसतं.

टेबलाला स्पिनलॉक पुरेल, पण ते धरून ब्रीड (ब्लॉक वाचणं) किंवा आयलॉक (इनोड लॉक करणं) करू नका. डिस्कसाठी झोपायची वेळ आली की 'शेड लॉक्स' पॅनिक येईल. '/' वर माउंट सरळ नाकारा: नेमएक्स तिथून सुरुवात करताना टेबल बघत नाही, त्यामुळे असा माउंट झाला तरी दिसणार नाही. सिस_अनलिंकमध्येही एक तपासणी हवी. ते डिरलुकअप स्वतः बोलावतं, त्याला झाकलेली डिरेक्टरी रिकामी दिसते आणि ते माउंट पॉइंट उडवून टाकतं.

प्रश्न: वाचन उत्तम चालतं. लिहिलेली फाइलही लगेच वाचता येते, पण रीबूटनंतर ती नसते. बराच वेळ लिहीत राहिलं तर 'बीगेट: नो बफर्स' पॅनिक येतं.

लॉग, म्हणजे बदल आधी जिथे नोंदले जातात ती जागा, एकाच डिस्कचा आहे. लॉग_राइट फक्त ब्लॉक क्रमांक टिपतं. समजा, दुसऱ्या डिस्कचा ब्लॉक ७० तुम्ही बदललात. हेडरमध्ये ७० लिहिला जातो. कमिटच्या (बदल पक्के करण्याच्या) वेळी लॉगच्या स्वतःच्या, म्हणजे पहिल्या डिस्कचा ब्लॉक ७० वाचून लॉगमध्ये जातो आणि पुन्हा आपल्याच जागी लिहिला जातो. तुमचा खरा डेटा बफर कॅशमध्ये (मेमरीतल्या ब्लॉकच्या प्रतींत) पिन होऊन, म्हणजे काढता येणार नाही असा, पडलेला. म्हणून वाचता येतो, पण डिस्कवर कधीच जात नाही. पिन काढली जाते ती पहिल्या डिस्कच्या बफरची, जी मुळात लावलेलीच नव्हती. त्याचा काउंट शून्याखाली जातो आणि तो अनसाइन्ड असल्याने प्रचंड मोठा दिसतो. एका लिखाणात दोन बफर्स अडकतात. एकूण ३० आहेत. पुढचा हिशोब सोपा आहे.

उपाय: क्रियेची सुरुवात आणि शेवट टिपणाऱ्या बिगिन_ऑप आणि एंड_ऑपचा काउंटर एकच राहू द्या, पण लॉग हेडर प्रत्येक डिस्कचं वेगळं करा. लॉग_राइटने बफरमधल्या डिव्हाइसवरून हेडर निवडायचं. कमिटमध्ये ज्या ज्या हेडरमध्ये नोंदी आहेत त्यांचा लॉग त्या त्या डिस्कवर लिहायचा. दोन डिस्कवर मिळून एकसंध व्हावी अशी क्रिया इथे नाही, कारण सिस_लिंक वेगळ्या डिव्हाइसवरची लिंक आधीच नाकारतं. लॉगमध्ये जागा आहे का हे सर्वांत भरलेल्या हेडरवरून ठरवा. एनबफ (बफर्सची एकूण संख्या) मात्र वाढवा. दोन लॉग मिळून ६० बफर्स पिन करू शकतात. माउंट करताना रूट इनोड वाचण्याआधी त्या डिस्कच्या लॉगची रिकव्हरी करून घ्या.

यानंतरही एक सापळा उरतो. एसबी हा ग्लोबल सुपरब्लॉक आयअलॉक, आयअपडेट, आयलॉक, बीअलॉक आणि बीफ्री या सगळ्यांत वापरलेला आहे. दोन्ही इमेज सारख्याच बनवल्या असतील तर एखादी जागा बदलायची राहिली तरी चूक दिसत नाही. म्हणून चाचणीची इमेज बनवताना एमकेएफएसमधली इनोडची संख्या २०० वरून २००० करा. मग मोकळा ब्लॉक शोधून देणारं बीअलॉक विसरलेलं असेल तर ते इनोडच्या रिकाम्या ब्लॉकलाच बिटमॅप (कोणते ब्लॉक वापरात आहेत त्याचा तक्ता) समजेल: पहिल्या खेपेस ब्लॉक ० देईल आणि लिखाण फसेल, दुसऱ्या खेपेस ब्लॉक १ शून्यांनी भरेल. ब्लॉक १ म्हणजे सुपरब्लॉक. इमेजची प्रत आधीच काढून ठेवा.

एवढं करायला वेळ नसेल तर केवळ वाचण्यासाठी माउंट करा आणि लिहिणाऱ्या प्रत्येक कॉलमधून −१ परत द्या. अर्धवट लिखाणापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न: अनमाउंट नेहमी −१ देतो. नुकतंच बूट केलेलं असतं, कोणतीही फाइल उघडी नसते.

तुम्ही स्वतःच डिस्क वापरात ठेवली आहे. पाथ नेमआयने शोधलात की हातात नव्या फाइलसिस्टीमचा रूट येतो, त्यामुळे त्याचा काउंट २ होतो: एक टेबलचा, एक तुमचा. नोंद सापडल्यावर आपला रेफरन्स सोडा, मग इनोड टेबल चाळा. त्या डिव्हाइसचा दुसरा एकही इनोड वापरात नसला आणि रूटचा काउंट १ असला तरच पुढे जा. कुणी शेलमधून तिथे सीडी करून बसलं असेल तर तेही यात आपोआप पकडलं जातं. शेवटी त्या डिव्हाइसच्या बफर्सचा व्हॅलिड फ्लॅग शून्य करा.

प्रश्न: लिनक्समध्ये माउंट असताना एफएसओपन, एफएसकॉन्फिग, एफएसमाउंट असे वेगळे कॉल का आणले? आमच्या कर्नलमध्येही तसंच करावं का?

जुना माउंट पाच आर्ग्युमेंट घेतो आणि फाइलसिस्टीमचे सगळे पर्याय एकाच स्ट्रिंगमध्ये, एका पानाच्या मर्यादेत कोंबावे लागतात. काही चुकलं की बहुतेक वेळा नुसता ईइनव्हॅल ('आर्ग्युमेंट चुकीचं') हाती येतो. चूक कोणत्या पर्यायात ते कळत नाही. २०१९ साली लिनक्स ५.२ मध्ये आलेल्या नव्या कॉल्समध्ये पर्याय एकेक करून देता येतात आणि चुकीबद्दलचा संदेश एफएसओपनने दिलेल्या फाइल डिस्क्रिप्टरवरून वाचता येतो. माउंट तयार करणं आणि तो झाडात जोडणं हेही वेगळं झालं. जोडायचं काम मूव्ह_माउंट करतो.

एका प्रकारच्या फाइलसिस्टीमसाठी एवढ्या कॉल्सची गरज नाही. एक्सव्ही६ मध्ये एर्नो (चूक कोणती ते सांगणारा आकडा) नाही, म्हणून निदान कारणानुसार वेगळे आकडे परत द्या: डिस्क नाही −१, मॅजिक जुळत नाही −२, पाथ डिरेक्टरी नाही −३, आधीच माउंट झालेलं आहे −४. बूटच्या वेळी फाइलसिस्टीम तयार करणाऱ्या एफएसइनिटमधला कोड उचलून आणला असेल तर त्यातलं 'इनव्हॅलिड फाइल सिस्टीम' पॅनिक काढायला विसरू नका, नाहीतर खराब इमेज देणारा कोणताही यूजर प्रोग्राम मशीन बंद पाडेल.