ऐकलेले लक्षात राहते, गुण मात्र का कमी पडतात?

ताई, सप्रेम नमस्कार.

बारावी विज्ञानला असलेली आपली मुलगी तासगावहून एसटीने सांगलीला कॉलेजला जाते, वर्गात शिकवलेले घरी येऊन आजीला जसेच्या तसे सांगते, पण पुस्तक उघडले की तिचे लक्ष उडते आणि चाचणीत गुण कमी पडतात, असे आपण कळवले आहे. ती ऐकून शिकणारी असल्याने सर्व विषय तिला रेकॉर्डिंगवरच द्यावेत का, असे आपण विचारता.

माझे स्पष्ट मत आहे की, केवळ रेकॉर्डिंगवर विसंबू नये. हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा ज्याला ऐकणे आवडते त्याला ऐकवूनच शिकवावे, या समजुतीला पुरेसा आधार मिळाला नाही. आपल्या पत्रातील खरी मोलाची गोष्ट म्हणजे ती आजीला सांगते. सांगताना तिला आठवावे लागते, आणि आठवण्यानेच अभ्यास पक्का होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो आठवड्यानंतर अधिक आठवला होता.

म्हणून हे सांगणे कागदापर्यंत न्यावे. उदाहरणार्थ, रक्ताभिसरण शिकवले त्या संध्याकाळी तिने पुस्तक मिटून हृदयाची आकृती काढत, शरीरातून आलेले रक्त उजव्या अलिंदातून (वरच्या कप्प्यातून) उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात), तेथून फुप्फुसांत आणि परत डाव्या अलिंदात कसे येते, हे मोठ्याने सांगावे; जेथे अडेल तेवढाच परिच्छेद वाचावा आणि लगेच तेच उत्तर परीक्षेच्या भाषेत लिहावे. आजीला मराठीत सांगितले तरी चालेल, संज्ञा मात्र पेपरात लिहायच्या त्याच वापराव्यात. दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने हेच करावे.

एसटीतल्या वेळेसाठी तिने स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करावेत, प्रत्येकानंतर थोडी जागा सोडावी आणि मनात उत्तर देऊन मगच पुढचे ऐकावे. भौतिकशास्त्रातील सिद्धता आणि गणिते मात्र हाताने सोडवल्याखेरीज येत नाहीत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. लहानपणापासून वाचताना ओळी सुटत असतील किंवा अक्षरांची अदलाबदल होत असेल, तर तिला आळशी ठरवू नका. आधी डोळे तपासून घ्या, नंतर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणे-लिहिणे शिकण्यातील मुळातल्या अडचणीची, तपासणी करा; तसे अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात, आणि त्यासाठी कॉलेजमार्फत अर्ज वेळेत जायला हवा.