फोड आलेल्या हातांविषयी

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. "काही कमी नाही, तरी दिवस पोकळ जातो," हे वाक्य दोनदा वाचलं. नागपूरच्या होस्टेलात कूलर, मेस, दारात येणारं पार्सल. यात वाईट काही नाही. पण सुट्टीत सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊ का, असं विचारतेस, तर जा.

कुष्ठरोग्यांसाठीची महारोगी सेवा समिती बाबा आमट्यांनी १९४९ साली सुरू केली. तिचं आनंदवन वरोऱ्याला, सोमनाथ मूलकडे. छावणी म्हणजे तरुणांनी एकत्र राहून अंगमेहनत करायचं शिबिर, तेही भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. मी गेलो तेव्हा तुझ्याच वयाचा होतो. पहाटे उठून ऊन चढायच्या आत खोदकाम. पहिल्याच दिवशी तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. परतीची एसटी किती वाजता, हेही विचारून ठेवलं होतं.

माझ्या शेजारी कुष्ठरोगातून बरा झालेला एक माणूस होता. बोटं झडलेली. फावड्याचा दांडा त्यानं चिंधीनं मनगटाला बांधला होता आणि माझ्या दुप्पट माती ओढत होता. उपदेश एका शब्दाचा नाही. घमेलं भरलं की नुसतं "हं" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी माझा हात त्या "हं"च्या लयीत पडला. आपल्याला इतकं करता येतं हे मला माहीतच नव्हतं! त्या रात्री उघड्यावर सतरंजी टाकून झोपलो, तशी झोप पुन्हा क्वचितच लागली.

घरी आलो ते फोड मिरवत. आई नुकतीच निंदणावरून आली होती. म्हणाली, "हे फोड काय दाखवतं रे? माह्या हाताले कोनी इचारलं काय?"

हे मी आजही विसरलेलो नाही, तूही विसरू नकोस. आईचे कष्ट तिनं निवडलेले नव्हते. आपल्या भागात किलोच्या हिशेबानं कापूस वेचणाऱ्या बाईला "त्रासातून माणूस घडतो" असं सांगणं हा तिचा अपमान आहे. तिला रास्त मजुरी हवी, सावली हवी. तू घेशील तो त्रास तुला हवा तेव्हा थांबवता येतो. तेवढ्यासाठीच तो तुला काही शिकवू शकतो, आणि तेवढ्यासाठीच त्याचा तोरा नको. त्यातून तुला आईसारख्या बायांचे हात दिसायला लागले, तर तुझं जाणं कामी आलं असं मी समजेन.

आणखी एक. त्रास घ्यायचा तर कामाला जोडून घे. नुसतं उपाशी राहणं, थंड पाण्यानं अंघोळ करणं, याचं मला फारसं कौतुक नाही. आपले शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत. पंढरपूरला, नाशिकला लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, अंगावर मात्र चिंध्याच. त्यांच्या प्रत्येक कष्टाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस उभा असे. माती खणताना तिथं कुणाचं पाणी अडणार आहे हे ठाऊक असलं, की पाठदुखीही वेगळी वाटते.

उन्हाशी पैज लावू नकोस. डोक्याला ओला दुपट्टा, तासातासाला मीठ-साखरेचं पाणी. गरगरलं, मळमळलं की लगेच सावलीत, आणि जवळच्याला सांगायचं. तिथं लाज धरायची नाही.

छावणीच्या आधी एक रविवार इकडे ये. मृग लागायच्या आत वावराचा खालचा धुरा बांधून काढायचाय, मागच्या पावसात तिथूनच माती वाहून गेली. पहाटे पाचला सुरू करू, नऊला थांबू. ज्वारीची भाकर अन् ठेचा तुझी काकू बांधून देईल. फावडी दोन आहेत. हलकं तुझ्यासाठी ठेवतो.

तुझा काका