पुरात बुडालेल्या छोट्या दुकानदारांना आमच्या मित्रमंडळाने देणगी द्यावी की बिनव्याजी कर्ज?

मित्रमंडळाने जमवलेली रक्कम देणगी म्हणून द्यावी की बिनव्याजी कर्ज म्हणून, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की पहिल्या महिन्यात दुकानदाराला या दोन्हींपेक्षा अधिक गरज असते ती त्याचे अडकलेले येणे हाती येण्याची आणि नवा माल उधारीवर मिळण्याची.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले, तेव्हा आम्ही गाफील नव्हतो. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण वडिलांनी भिंतीवर करून ठेवली होती आणि किमती माल आम्ही रात्रीच त्या खुणेच्या वर, पोटमाळ्यावर चढवला होता. पाणी खुणेच्याही वर गेले. ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा सिमेंटच्या गोण्यांचे दगड झालेले होते आणि ते उचलून टाकण्यासाठीही मजुरी मोजावी लागली. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे गंजले. रंगाचे बंद डबे तेवढे वाचले.

उधारीची वही गल्ल्याच्या खणात राहिली होती. आईने तिची पाने एकेक करून सोडवली, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घातले आणि आठवडाभर ती घरात दोरीवर वाळत घातली. जेल पेनने लिहिलेल्या नोंदींचे निळे डाग उरले होते, बॉलपेनच्या मात्र वाचता येत होत्या. त्या वाचलेल्या नोंदींचीच बेरीज पावणेदोन लाखांच्या घरात गेली.

मी वसुलीला निघालो, तेव्हा ठाण्याहून आलेले माझे थोरले बंधू संतापले. “माणसांच्या घरात चिखल भरला असताना तू वही घेऊन कसला फिरतोस?” असे त्यांनी चारचौघांत विचारले. वास्तविक ज्यांच्या घरात पाणी शिरले होते, त्यांच्या दारात मी गेलोच नव्हतो. मी वरच्या गावांतील, पुराची झळ न लागलेल्या ठेकेदारांकडे जात होतो. त्यांच्यापैकी एकाने आपली नोंद पुसली गेली आहे हे कळल्यावरही स्वतःच्या डायरीवरून आकडा सांगून पैसे दिले. दुसरा म्हणाला, “तुम्हाला आता सरकार देणारच आहे की.” ते वाक्य मला अजून टोचते.

सरकारने दिले, हे खरे. पंचनाम्यानंतर दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, परंतु जास्तीत जास्त 50 हजार रुपये, आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त 10 हजार रुपये असे तेव्हा ठरले होते. आमच्या वाट्याची रक्कम गाळ काढणे, वायरिंग आणि शटर यांतच संपली. विमाही होता, पण बँकेने तो कर्जापुरताच उतरवला होता आणि दुकानात माल त्याच्या दुप्पट होता, त्यामुळे भरपाईही निम्म्याच प्रमाणात मिळाली. शिवाय नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावट कायद्याने परत करावी लागते. माल वाहून गेल्यावर त्याच्यावरचा कर पुन्हा भरायला लावणे हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

आम्हाला उभे केले ते कऱ्हाडच्या एका ठोक व्यापाऱ्याने. मागची बाकी दिवाळीनंतर पाहू, असे सांगून त्यांनी फावडी, घमेली, खराटे आणि गमबूट भरलेला टेम्पो पाठवला. सगळा बाजार चिखल उपसत होता, त्यामुळे आठ दिवसांत तो माल संपला आणि आलेल्या पैशांतून त्यांची निम्मी रक्कम चुकती करून आम्ही पुढचा माल मागवला.

म्हणून आपल्या मंडळाने प्रत्येक दुकानदाराला त्याचा ठोक व्यापारी कोण आहे हे विचारावे आणि पहिल्या खेपेचे पैसे थेट त्या व्यापाऱ्याकडे भरावेत. किराणा किंवा हार्डवेअरच्या छोट्या दुकानाला पंधरा-वीस हजारांचा मालसुद्धा गती देतो. पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू होणारे कर्ज बिनव्याजी असले तरी देऊ नये. बँकेच्या जुन्या कर्जाची पुनर्रचना नैसर्गिक आपत्तीनंतर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार होऊ शकते. त्यासाठीचा अर्ज लिहून देणारा एखादा जाणकार आपल्या मंडळात असल्यास त्याला अवश्य सोबत न्यावे.

अर्थात शिंपी, केशकर्तनालय, पिठाची गिरणी यांना हे लागू नाही. त्यांचे यंत्र किंवा खुर्च्या गेलेल्या असतात. तेथे सरळ देणगीच द्यावी. ठोक व्यापारीही त्याच पुरात बुडाला असेल, तर दुसरा शोधावा लागेल.

मात्र त्याआधी आपल्या सभासदांपैकी कोणाचे, किंवा ते जेथे काम करतात त्या संस्थेचे, त्या बाजारात बिल थकले आहे का, हे विचारून ते चुकते करून घ्यावे. माझ्या बंधूंना ही गोष्ट अजूनही पटलेली नाही. त्या वर्षी त्यांनी मोठ्या आपुलकीने शिध्याची पाकिटे आणली आणि आम्ही ती शेजारी वाटली. परंतु आदल्या वर्षी त्यांच्या घराच्या दुरुस्तीसाठी आमच्याकडून गेलेल्या नळांचे अकरा हजार रुपये वहीत बॉलपेनने लिहिलेले होते, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या टेम्पोसाठी मला नऊ हजार रुपये कमी पडत होते.