पाच वाट्या आणि एक फाडलेली चिठ्ठी

"मॅडम, हे पुस्तक वाचल्यापासून मुलगी आमची राहिलीच नाही," असं म्हणत त्या बाईंनी पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मुलीला ९१ टक्के. अकरावीच्या ऑनलाइन अर्जाचा भाग एक भरून झालेला, भाग दोन, म्हणजे शाखा आणि कॉलेजांचे पसंतीक्रम, कोरा. वडील म्हणत सायन्स, मुलगी म्हणे आर्ट्स. का, असं विचारलं की एकच उत्तर, "माझं मी ठरवणार." आईनं सगळं खापर पुस्तकावर फोडलं होतं.

(कुटुंबाला विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहिते आहे.)

पुस्तक होतं वेरॉनिका रॉथ यांचं 'डायव्हर्जंट', २०११ साली आलेलं. भविष्यातलं, मोडकळीला आलेलं शिकागो शहर. तिथली माणसं पाच गटांत वाटलेली: त्यागी, ज्ञानी, धाडसी, खरं बोलणारे आणि सलोख्यानं राहणारे. सोळाव्या वर्षी प्रत्येकाची चाचणी होते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर निवड. पाच भांडी मांडलेली असतात. त्यागींचे दगड, ज्ञानींचं पाणी, सलोखेवाल्यांची माती, धाडसींचे निखारे आणि खरं बोलणाऱ्यांची काच. तळहातावर सुरीनं चीर द्यायची आणि ज्या भांड्यात रक्ताचा थेंब पडेल तो तुमचा आयुष्यभराचा गट. दुसऱ्या गटात गेलात तर आईवडिलांचं घर सुटलं. नायिका बिॲट्रिस त्यागी घरातली, पण तिची चाचणी एका उत्तरावर थांबतच नाही. तीन गट निघतात. आणि हे कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद तिला मिळते.

दहावीच्या मुलांना ही गोष्ट इतकी का भिडते, हे आपल्याकडच्या पालकांना वेगळं सांगायला नको. आपणही पंधरा-सोळाव्या वर्षी तीन भांडी मांडतो. २०१६ पासून काही वर्षं आपल्या राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कलचाचणीही घेतली होती. त्या चाचणीचा कागद हातात धरून "मॅडम, यात कॉमर्स आलंय, आता काय करायचं?" असं रडवेलं होऊन विचारणारी मुलं मी पाहिली आहेत. चाचणी कल दाखवते. तू कोण आहेस, हे तिला ठाऊक नसतं.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी हीच कादंबरी घेऊन सत्र घेतलं आणि मुलांना विचारलं, "तुम्ही कुठल्या गटातले?" मुलं रंगून गेली. पण तास संपता संपता एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "तू सलोखावाला ना? मग गप्प बस, तुला भांडता येणार नाही." मला चर्र झालं. जे करू नका म्हणून पुस्तक सांगतं, तेच मी वर्गात करून घेतलं होतं. अजूनही बऱ्याच ठिकाणी हे पुस्तक असंच शिकवलं जातं, ते थांबावं असं मला मनापासून वाटतं. तेव्हापासून मी 'तू कोण' हा प्रश्न सोडला. 'तू काय केलंस' एवढंच विचारते.

मुलगी दुसऱ्या दिवशी एकटी आली. टेबलावर मी स्टीलच्या पाच वाट्या मांडल्या होत्या. एकीत खडे, एकीत पाणी, एकीत कुंडीतली माती, एकीत इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा आणि एकीत फुटक्या बांगडीचे तुकडे. ती पहिल्यांदाच हसली. मी तिला दहा चिठ्ठ्या दिल्या. गेल्या महिन्यात तू खरोखर केलेली दहा कामं लिही आणि ज्या वाटीशी बसतील तिथे ठेव, एवढंच सांगितलं.

आठ चिठ्ठ्या पटापट गेल्या. नववी हातात राहिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आजीला रोज सकाळी इन्सुलिन टोचते.' आधी ती खड्यांपाशी नेली, मग कोळशापाशी. "पहिल्या दिवशी हात थरथरत होता," ती म्हणाली. मग पाण्यापाशी, कारण इन्सुलिन फ्रिजमध्ये का ठेवतात हे तिनं स्वतः वाचून काढलं होतं. शेवटी तिनं ती चिठ्ठी मधोमध फाडली, मग पुन्हा फाडली, आणि ते तुकडे तळहातावर घेऊन बसून राहिली.

"आता सांग, आर्ट्स का?"

बराच वेळ गेला. मग खाली बघत म्हणाली, "बाबा सायन्स म्हणतात म्हणून."

मला तिचा फार अभिमान वाटला. असं कबूल करायला मोठ्यांचीही जीभ रेटत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचं मुख्य काम 'स्वतःची ओळख घडवणं' असं सांगितलं. पुढे १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी त्यात चार अवस्था दाखवल्या. त्यातल्या दोन पालकांनी नीट समजून घ्याव्यात. एक, शोध न घेताच दुसऱ्याचा निर्णय आपला मानून टाकणं. घरात शांतता असते, म्हणून ही अवस्था आपल्याला शहाणपणाची वाटते. दुसरी, शोध चालू आहे पण ठरलेलं नाही. ही बाहेरून धरसोड दिसते, पण खरं काम हिच्यातच चाललेलं असतं. आणि वडिलांच्या नेमकं उलट जाणं म्हणजे शोध नव्हे. तिथेही दोरी वडिलांच्याच हातात राहते.

पुढचे दहा दिवस आम्ही शोधच केला. तिनं दोन्ही शाखांची अकरावीची पुस्तकं चाळली, एका परिचारिकेशी बोलली, मानसशास्त्र शिकणाऱ्या एका ताईशी बोलली. मी तिला एक व्यवहारही सांगितला. कादंबरीतली निवड परतीची नसते, आपली इतकी पक्की नाही, पण दारं सारखी उघडी नाहीत. बारावी सायन्सनंतर बीएला जाता येतं, आर्ट्सनंतर एमबीबीएसला नाही. कायदा किंवा स्पर्धा परीक्षा मात्र दोन्हीकडून खुल्या राहतात.

आईच्या काळजीचं उत्तर अजून द्यायचं होतं. अशी पुस्तकं वाचून मुलं बिघडतात का? या कादंबरीच्या उत्तरार्धात हिंसा बरीच आहे, एक मुलगा आत्महत्याही करतो. म्हणून मूल आधीच उदास, एकलकोंडं झालं असेल, तर मोठ्यांनी सोबत वाचावं आणि त्या प्रसंगावर मोकळेपणानं बोलावं. झोप, जेवण उडालं असेल तर तज्ज्ञांना भेटावं. पण पुस्तक हिसकावून घेऊ नये. मी आईला एकच प्रसंग मराठीत सांगितला. मुलगी घर सोडून धाडसींमध्ये गेल्यावर भेटीचा दिवस येतो. वडील येत नाहीत. आई एकटी येते. आणि मुलीला तिथे कळतं, की आई स्वतःच जन्मानं धाडसी होती. तिनंही सोळाव्या वर्षी घर सोडलं होतं.

त्या बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरात तिचे बाबा येणार नाहीत, अशी वेळ यायला नको."

मुलीनं शेवटी आर्ट्सच भरलं, मानसशास्त्र घेऊन. वडिलांना तिनं स्वतः समोर बसवून कारणं सांगितली. त्यात इन्सुलिनची गोष्ट होती. टोचण्यापेक्षा टोचण्याआधी आजीची भीती घालवायला आपल्याला जास्त आवडतं, असं ती म्हणाली. वडील त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. जेवलेही नाहीत, असं आईनं कळवलं.

ऑगस्टमध्ये वडिलांचा फोन आला. आवाज अवघडलेला. "मॅडम, अकरावीचं मानसशास्त्राचं पुस्तक मराठीत असतं का हो?"

म्हटलं, बालभारतीचं आहे की. पण तिचं माध्यम तर इंग्रजी ना?

"तिला नको," ते म्हणाले. "मला हवंय."